मांजरपाटाचं अर्धं लुगडं

अमरावतीत पाऊल ठेवल्यापासून तासाभरात माझ्या अंगावर एक शाल आली, हातात एक नारळ आला आणि माझ्याविषयी अर्धा तास बोलण्यात आलं. बोलणारे गृहस्थ म्हणजे भाऊसाहेब, मला बोलावणाऱ्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मला वस्त्रविद्येचा महामेरू म्हटलं. पुण्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं मुलींना कापडाचे प्रकार शिकवले, एवढीच माझी विद्या. पहिल्या तासाला रंगीत कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला लावायची, म्हणजे उभा धागा तो ताणा आणि आडवा तो बाणा हे डोक्यात बसतं. उरलेली एकोणतीस वर्षं मी हेच जास्त अवघड शब्दांत सांगत होते.

अंगावरची शाल अस्सल पश्मिना असल्याचंही भाऊसाहेबांनी माईकवरून जाहीर केलं. खोलीवर गेल्यावर मी झालरीतला एक धागा उपसला आणि बेसिनवर धरून काडीने पेटवला. ही माझी जुनी खोड आहे. सुती धागा जळला की कागद जळाल्याचा वास येतो आणि चिमटीत मऊ राख उरते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्यासारखी घाण येते. हा धागा जळलाच नाही. तो वितळला, आक्रसला आणि त्याचा एक टणक काळा मणी झाला. पश्मिन्याच्या शेळीकडून असं काही घडलं नसतं.

मंडळाचं 'वऱ्हाडचं वस्त्रवैभव' हे प्रदर्शन रविवारी उघडायचं होतं. मी बुधवारी पोचले होते. मधल्या दिवसांत मी जिल्ह्यातली आणि शेजारच्या अकोल्यातली कापडं पाहायची, प्रत्येकाखाली लावायची माहिती तपासायची आणि रविवारी भाषण करायचं, असं ठरलं होतं. प्रदर्शनाचा मुकुटमणी (हा शब्द भाऊसाहेबांचा) म्हणजे एक पांढरं लुगडं. छप्पन्न साली नागपूरच्या दीक्षेला गेलेल्या अकोल्याकडच्या एका बाईने ते नेसलं होतं. त्यासाठी मुद्दाम काचेची पेटी करून घेतली होती. पेटीवर लावायचा फलकही छापून तयार होता : 'हातमागावर विणलेली अस्सल खादी'.

"तुम्ही फक्त बघून सही करायची," भाऊसाहेब म्हणाले.

"आधी बघते," मी म्हटलं.

अमरावती, कापडबाजार

गुरुवारी सकाळी संघमित्रा वानखडे मला घ्यायला आली. अकोल्याच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत ती शिक्षिका आहे. पन्नाशीची, ठेंगणी, आणि गाडी चालवताना समोरच्याला शिव्या न देणारी मला भेटलेली पहिलीच चालक. मंडळाच्या कामासाठी तिने दोन दिवसांची रजा टाकली होती. ते लुगडं तिच्या आजीचं.

"आई बार्शीटाकळीहून घेऊन आली आहे ते," ती म्हणाली. "माझ्या घरी अकोल्यात आहे. पण मॅडम, एक भानगड आहे. ती आईच सांगेल."

भानगड काय ते तिने सांगितलं नाही. माझा नारळ मी मागच्या सीटवर ठेवला होता. पहिल्याच वळणाला तो खाली पडला आणि अकोल्यापर्यंत प्रत्येक ब्रेकला गाडीभर फिरत राहिला.

अमरावतीचा घाऊक कापडबाजार हा बघण्यासारखा प्रकार आहे. आमच्या पुण्यात कापडाचा दुकानदार गिऱ्हाईकाने आत येऊन चूक केली अशा चेहऱ्याने बघतो. इथे दुकानात पाऊल टाकायच्या आत चहा येतो. हरीशशेठ नावाच्या व्यापाऱ्याने पांढऱ्या गादीवर माझ्यासाठी एकावर एक तागे उलगडले. पॉपलिन, लठ्ठा, वायल, मलमल. ही सगळी साध्या विणीची भावंडं : एक धागा वर, एक खाली, चटईसारखं. फरक फक्त सुताच्या जाडीचा आणि धागे किती दाट बसवले याचा. मग त्यांनी ड्रिल काढलं. त्याच्या अंगावर तिरप्या रेघा असतात, कारण बाणा दर ओळीला एक धागा पुढे सरकतो. म्हणून ते चिवट असतं आणि मळ लपवतं. पोलिसांचे आणि शाळेच्या पोरांचे कपडे त्याचे होतात ते याच दोन कारणांसाठी. शेवटी साटीन. त्यात धागे चार-पाच धाग्यांवरून लांब उड्या मारतात, त्यामुळे प्रकाश घसरतो आणि कापड चकाकतं. आणि त्याच कारणाने नखाला अडकलं की संपतं. चकाकणाऱ्याचं असंच असतं, असं मी वर्गात म्हणायचे. मुली वहीत लिहून घ्यायच्या.

"मांजरपाट आहे का?" मी विचारलं.

हरीशशेठ हसले. "मॅडम, तुमी पुन्याहून मांजरपाट घ्याले आल्या?"

"बघायचाय."

त्यांनी गादीच्या मागून एक गठ्ठा ओढला. जाडसर, पिवळट, खळीने कडक. जवळून पाहिलं की विणीत सरकीच्या टरफलाचे बारीक काळे ठिपके. धुवून, उकळून पांढरा करायच्या आधीचं हे कापडाचं मूळ रूप.

"मांजरपाट कोन घेते आता?" हरीशशेठ म्हणाले. "पापड वाळवाले, चक्का टांगाले, गादीच्या आतून लावाले. समोर कोनी दाखवत नाई त्याले. पन त्याच्याबिगर कोनाचं चालतबी नाई, बरं का."

मी एक मीटर घेतला. पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला. एवढ्या स्वस्त गोष्टीचं बिल करायला लाज वाटते म्हणाले.

बाजाराबाहेर आम्ही गिला वडा खाल्ला. हे वडे ताकात-दह्यात बुडवलेले असतात आणि त्यावर चटणी असते. "जरा तिखट आहे," संघमित्रा म्हणाली. वऱ्हाडात 'जरा' हे माप निराळं आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा गाडीवाल्याने न विचारता माझ्या वाटीत आणखी दही ओतलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाला सांगितलं, "पुन्याच्या हायेत."

अंजनगाव सुर्जीवरून अकोट

अकोल्याला सरळ रस्त्याने न जाता आम्ही वरच्या अंगाने गेलो, कारण मला अकोटच्या सतरंज्या पाहायच्या होत्या. दोन्हीकडे काळी जमीन, कमरेएवढी तूर आणि मधूनमधून कपाशी. वेचणी चालू होती. बायकांनी पदराची झोळी करून पोटाशी बांधलेली, तिच्यात पांढरा कापूस. अंजनगाव सुर्जीत केळ्यांनी लादलेल्या गाड्यांमागे आम्ही पाऊण तास अडकलो. त्या पाऊण तासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही, नारळ मात्र शांत होता.

अकोटला करीमभाई मागावर बसलेले भेटले. जमिनीलगतचा माग, ताण्याचे धागे तारेसारखे ताठ, आणि हातात लोखंडी पंजा. रंगीत बाणा टाकला की ते पंज्याने तो खाली ठोकायचे, इतका की ताणा पूर्ण झाकला जावा. सतरंजीचं मर्म तेच. आतला ताणा कुणाला दिसत नाही, पण सगळा भार त्याच्यावर. दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे एक बाजू मळली की उलटी टाकता येते.

"शाली विणता का?" मी उगाच विचारलं. माझी शाल गाडीतच होती.

"नाई. शाल दहा मिनटासाठी असते मॅडम, फोटो निघेपर्यंत," करीमभाई म्हणाले. त्यांचा हात थांबला नव्हता. "सतरंजीवर लग्न होते, तेरवी होते, पंच्यायत होते. आन् कोनीबी बसते. शालीवर कोन बसते?"

रविवारच्या भाषणासाठी मी हे वाक्य लिहून घेतलं. नंतर वापरलं नाही. भाऊसाहेब समोर बसले होते.

अकोला

संघमित्राच्या घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दार तिच्या मुलीने, प्रज्ञाने उघडलं. ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस इतके भरले होते की ती दारातून बाजूला झाल्याशिवाय आत जाणं शक्य नव्हतं. आत पलंगावर पाय मुडपून पंचफुलाबाई बसल्या होत्या, संघमित्राची आई. सत्तरीच्या पुढे, काळ्यासावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्या का त्या कापडवाल्या बाई?"

"हो आई. मॅडम आहेत त्या."

"बसा. आंधी जेवा. लुगडं पळून नाई चाललं."

ज्वारीची भाकर, पाटवड्यांचा रस्सा आणि कांदा. जेवताना नारळाची गोष्ट निघाली. पंचफुलाबाईंनी तो गाडीतून आणवला, पायरीवर दोन फटक्यांत फोडला आणि चटणी वाटायला घेतली. सत्काराच्या नारळाला एवढं चांगलं मरण आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्यांनी पलंगाखालून स्टीलचा डबा काढला. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं होतं. म्हणजे लुगड्यातलं जे उरलं होतं ते. पुरी रुंदी होती, पण लांबी फार तर चार हात.

"बाकीचं?" मी विचारलं.

पंचफुलाबाई हसल्या. "बाकीचं मोठं झालं. नोकऱ्या कराले गेलं."

ती भानगड अशी होती. या घरात बाळाला पहिलं झबलं या लुगड्याचं शिवतात. तसं नव्या बाळाला कोरं कापड कुणीच घालत नाही. सगळीकडे जुन्या, धुवून मऊ झालेल्या कापडाचंच टोपडं-झबलं करतात. इथे मात्र ते जुनं कापड ठरलेलं होतं. नागपूरहून आल्यावर पंचफुलाबाईंच्या आईने हे लुगडं पुन्हा नेसलं नाही. दरवर्षी धुवून, वाळवून ठेवायची. घरात पहिलं मूल झालं तेव्हा तिने त्याच्या टोकाची हातभर पट्टी फाडली. तेव्हापासून तीच रीत. कात्री लावायची नाही, फाडायचं. साधी वीण धाग्याच्या रेषेत सरळ फाटते, त्याला कात्री लागतच नाही.

"माह्या पाच भावंडांच्या लेकरायले झालं, संघमित्रेले झालं, ह्या पोट्टीले झालं," त्या प्रज्ञाकडे हात करून म्हणाल्या. "आता हिचं यीन चार-आठ दिवसांत. आन् तिकून भाऊसाहेब म्हनते, अखंड पायजे. फाडलेलं चालत नाई म्हने काचेत."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी लुगड्याच्या घडीवरून हात फिरवला. "मले दोन्ही वाटते. माही माय जवा अकोल्याच्या बाजारात जाये ना, तवा दुकानवाला तिले कापडाले हात लावू देत नव्हता. लांबून दाखवे. तिचं लुगडं काचेत ठेवतीन, अन् लोकं लांबून पायतीन. मले थे पायाचं हाये. पन ह्या लेकराले काय सांगू? तुह्याच टायमाले संपलं?"

आणि त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा. तुमी शिकलेल्या हा. एवढं जुनं कापड लेकराच्या अंगावर टिकन का? का आता ते काचेच्याच कामाचं राह्यलं?"

आता जे मी केलं ते लिहायला मला आवडत नाही, पण प्रवासवर्णनात फक्त दुसऱ्यांचा फजितवाडा लिहायचा हे काही बरोबर नाही. मी म्हटलं, "फाडू नका. असं कापड पुन्हा मिळणार नाही. काचेत राहू द्या."

हे मी लुगड्याला बोटसुद्धा लावण्याआधी म्हटलं. तीस वर्षं नमुन्यांच्या वह्यांमध्ये तुकडे चिकटवले की कापड हे चिकटवण्यासाठीच असतं असं वाटायला लागतं.

पंचफुलाबाईंनी मान डोलावली. बोलली प्रज्ञा. "पुन्हा मिळणार नाही म्हणूनच तर पाहिजे ना, मॅडम."

भिंग

शुक्रवारी सकाळी मी लुगडं उजेडात खिडकीपाशी घेतलं. पर्समधून भिंग काढलं, आणि सवयीने काडेपेटीही. एक सुटा धागा कडेला लोंबत होता.

"हे काय करून राह्यल्या?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

"धागा जाळून बघते. सुती आहे का ते कळतं."

"मायले एकदा जाळलं बाई. आता तिचं लुगडंबी जाळता का?"

मी काडेपेटी परत ठेवली. संघमित्रा तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात गेली.

भिंगाखाली सूत दिसलं. हाताने कातलेल्या सुताला एक चाल असते. मध्येच जाड, मध्येच बारीक, कातणारीने कुठे श्वास घेतला तेही कळावं अशी. हे सूत तसं नव्हतं. सगळे धागे एकसारखे, एकाच पिळाचे, शिस्तीत उभे. गिरणीचं सूत, गिरणीची वीण. मी शोधत गेले आणि एका ठिकाणी विणीत अडकलेला काळा ठिपका सापडला. सरकीचा. मग पिशवीतून कालचा मीटरभर मांजरपाट काढला आणि शेजारी ठेवला. एक पिवळट आणि कडक, दुसरा दुधासारखा पांढरा आणि लुसलुशीत. पण भिंगाखाली ती आई आणि मुलगी होती.

आणखी एक गोष्ट दिसली. लुगड्याच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, एक शिवण होती. इतकी बारीक की आदल्या दिवशी मला ती घडीची खूण वाटली होती. मांजरपाट अरुंद पन्ह्याचा यायचा. लुगड्याला रुंदी पुरत नाही. कुणीतरी दोन लांब पट्टे काठाला काठ लावून हाताने जोडले होते, नऊ वार, तांदळाच्या कणीएवढ्या टाक्यांनी.

मला सांगायची भीती वाटत होती. सत्तर वर्षं ज्याला घरात जपलं ते मांजरपाट आहे, म्हणजे पापड वाळवायचं कापड आहे, हे कसं सांगायचं? मी बराच गोल फिरून सांगितलं.

"मांजरपाटच हाये," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मंग काय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले माहीत नसन तं कोनाले? आमी कधी खादी म्हटलं? थे भाऊसाहेब म्हने. मी म्हटलं मोठा मानूस हाये, म्हनू दे."

मी भाऊसाहेबांना फोन लावला आणि संघमित्राच्या खुणेवरून आवाज मोठा केला.

"मांजरपाट?" भाऊसाहेब म्हणाले. "मॅडम, फलक छापून झालाय."

"दुसरा छापा."

"खादीसदृश असं लिहिलं तर?"

"नाही."

"अहो, उद्घाटनाला मोठी माणसं येणार. काचेच्या पेटीत मांजरपाट बघून हसतील लोक."

पंचफुलाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांना फोनवर जोरात बोलायची सवय होती, त्यामुळे पुढचं गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं असावं.

"भाऊसाहेब, मायनं मांजरपाट काहून घेतला थे तं इचारा. त्या टायमाले पांढरं लुगडं भेटतच नव्हतं. ज्याले पाहा थो दीक्षेसाठी पांढरं घेऊन राह्यला. अकोल्याच्या दुकानात पांढरं संपलं. उरला मांजरपाट, थोबी पिवळा. मायनं थो सोड्यात उकळला, दोनदा नाई, चारदा. मंग अरुंद पडला तं दोन पट्टे जोडले. तीन दिवस बसली थे, तवा गाडीत बसली. हसाचं असन त्यानं ह्याच्यावर हसावं."

मग भाऊसाहेब एकदम वेगळ्या, साध्या आवाजात म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आजी."

"तुमी इचारलं नव्हतं."

"बरं. मांजरपाट लिहू. पण आजी, तुकडा फाडू नका हो. आहे तसं पाहिजे."

फोन ठेवल्यावर पंचफुलाबाईंनी लुगडं मांडीवर घेतलं. मी शेजारी बसले आणि पहिल्यांदाच त्याला नीट हात लावला. आधी तळवा, मग मनगटाची आतली बाजू, मग (कुणी बघत नाही असं पाहून) गाल. मलमल मऊ असते ती जन्मतः. हा मऊपणा कमावलेला होता. खळ गेली, पीळ सैलावला, धाग्यावरचा प्रत्येक काटा घासून गेला. कालच्या मीटरभर कोऱ्या तुकड्याला इथवर यायला सत्तर वर्षं लागतील. माझ्या वह्यांमधल्या एकाही नमुन्याला हे जमलेलं नाही, कारण त्यांना कुणी कधी धुतलंच नाही.

"काल मी चुकीचं बोलले," मी म्हटलं. "हे बाळाच्या अंगावर टिकेल. आणि याच्याइतकं मऊ दुसरं काही मिळणार नाही."

"थे मले माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकाचं होतं." मग त्यांचं बोट शिवणीवरून फिरत फिरत थांबलं. "मी काय म्हटलं फोनवर मघाशी? दोन पट्टे?"

"हो. दोन वेगळी कापडं. मधे जोड आहे."

"मंग फाडाले काहून पायजे?"

खोलीतल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं. सत्तर वर्षं प्रत्येकाने लुगडं टोकाकडून पाहिलं होतं, कारण फाडायची रीत टोकाकडून होती.

"जोड मायनं घातला," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तं उसवाचा मीच. संघमित्रे, सुई आन व."

त्यांनी चष्मा लावला. पहिला टाका सुटायला वेळ लागला. सुईचं टोक टाक्याखाली घालायचं, हलकेच उचलायचं, पुढचा. मधेच त्या थांबल्या.

"इथं तिचा हात थकला असन," त्या म्हणाल्या. मी भिंगातून पाहिलं. तिथे टाके खरंच थोडे लांब झाले होते, बोटभर अंतरात. मग पुन्हा कणीएवढे.

प्रज्ञा भिंतीला टेकून बघत होती. "आजी, वाईट वाटतंय का?"

"वाटते ना. गप बस."

दुपारपर्यंत दोन पट्टे वेगळे झाले. उसवलेला दोरा जागोजागी तुटला होता. पंचफुलाबाईंनी ते तुकडे गोळा करून काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात ठेवले. मी एक तुकडा भिंगाखाली पाहायला मागितला.

"नाई," त्या म्हणाल्या. "त्याची परीक्षा नका घेऊ."

अमरावती, रविवार

शनिवारी पहाटे प्रज्ञाला दवाखान्यात नेलं आणि दहा वाजता मुलगी झाली. मी तोवर एका पट्ट्यासह अमरावतीला परतले होते; फाडलेला नाही, उसवलेला आहे, हे भाऊसाहेबांनी मान्य केलं होतं. त्यामुळे त्या घरचं कुणीच उद्घाटनाला आलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर 'श्रीमती पंचफुलाबाई' अशी चिठ्ठी होती आणि त्यांच्यासाठी आणलेली शाल तिथे घडी घालून ठेवली होती. मी झालर पाहिली. माझ्या शालीची बहीण.

भाषणं झाली. वऱ्हाडच्या वस्त्रवैभवाविषयी चार वक्ते बोलले. त्यांतल्या तिघांचे कोट टेरिकॉटचे होते आणि त्यांना घाम आला होता. मी साध्या विणीविषयी दहा मिनिटं बोलले. मग सगळे काचेच्या पेटीपाशी गेले.

चार हात लांब, अरुंद, पांढरा पट्टा. एका काठावर, लक्ष देऊन पाहिलं तर, सुईच्या भोकांची ओळ. कुणी हसलं नाही. लोक काचेपासून जरा लांबच उभे राहिले, का कोण जाणे. एक बाई आपल्या पोरीला म्हणाली, "एवढंसंच हाये? नऊवारीचं बाकीचं कुठी गेलं?"

भाऊसाहेबांनी तिला फलक दाखवला. आदल्या संध्याकाळी त्यांनी दवाखान्यात फोन करून पंचफुलाबाईंना काय लिहायचं ते विचारलं होतं. मागून नवजात पोर रडत होतं. पंचफुलाबाईंनी त्यांच्या पद्धतीने ओरडून सांगितलं आणि भाऊसाहेबांनी ते शुद्ध करून घेतलं. एवढ्या लहान फलकावर त्यांनी समाधान मानलेलं मी त्या चार दिवसांत दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्याखाली माझी सही होती. आयुष्यात अनेक कापडांखाली मी सह्या केल्या, पण या एकीबद्दल मला कधी शंका येणार नाही.

'लुगडे, अर्धे. मांजरपाट, साधी वीण. उरलेले अर्धे वापरात आहे.'